काचेची दोन कपाटं: फ्यूम हूड आणि लॅमिनार

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही क्यूसी लॅबमध्ये (मालाचा दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत) शिरा, दिंडोरीकडच्या एखाद्या वायनरीच्या छोट्या प्रयोगशाळेत जा, नाहीतर कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागात डोकवा. भिंतीला लागून एक कपाट दिसतंच: पुढे वर-खाली सरकणारी काच, आत ट्यूबलाइट, आणि सतत घरघरणारा ब्लोअर. बऱ्याच ठिकाणी अशी दोन असतात. एक फ्यूम हूड, दुसरं लॅमिनार एअरफ्लो. नव्याने लागलेली मुलं दोन्हींना सरसकट ‘हूड’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. हा घोळ माणसाच्या फुफ्फुसाला लागतो, नमुन्याला लागतो आणि वीजबिलालाही लागतो. बिलाचा भाग फारसा कुणी सांगत नाही, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत एक शिकाऊ मुलगी क्लोरोफॉर्मचा बीकर लॅमिनारमध्ये ठेवून समोर स्टुलावर बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, “मॅडम, वास उग्र आहे ना, म्हणून हूडमध्ये घेतलं.” तिने काळजी घेतली होती, पण चुकीच्या कपाटात. तिथला वारा बीकरवरून सरळ तिच्या तोंडावर येत होता. अर्ध्या तासात तिचं डोकं दुखायला लागलं. तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. दोन्हींत फरक असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

फरक हवेच्या दिशेचा आहे. फ्यूम हूड खोलीतली हवा समोरून आत ओढतो, मागच्या पडद्यामागून डक्टमध्ये घालतो आणि गच्चीवर नेऊन सोडतो. आत उठलेली वाफ तुमच्याकडे येतच नाही. म्हणजे हूड माणसाला जपतो. लॅमिनारचं काम उलटं. तो खोलीतलीच हवा प्रीफिल्टरमधून घेतो, हेपा फिल्टरमधून (अतिबारीक कण अडवणाऱ्या गाळणीतून) गाळतो आणि एकसारख्या झोताने टेबलावरून पुढे, म्हणजे तुमच्याकडेच, सोडतो. त्या स्वच्छ झोतात प्लेटवर धूळ किंवा बुरशीचे बीजाणू बसत नाहीत. म्हणजे लॅमिनार कामाला जपतो, माणसाला नाही.

“पण हेपा आहे ना, वास गाळेल की,” असं मला अजूनही ऐकू येतं. नाही गाळत. हेपा ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, पण ते कण असतात. वाफेचा रेणू मायक्रॉनच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा. तो फिल्टरमधून आरामात पार होतो.

उलटी चूकही होते. लॅमिनार बंद पडला म्हणून कुणी हूडमध्ये मीडियाच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या खाद्याच्या, प्लेटा ओततं. हूड खोलीतली सगळी धूळ त्या उघड्या प्लेटांवरून ओढत नेतो. दोन दिवसांनी इन्क्युबेटर उघडला की प्लेटांवर हिरवी-काळी बुरशी दिसते आणि खापर मीडियाच्या माथी फुटतं.

आपल्यासमोर कुठलं कपाट आहे ते कळायला टिश्यू पेपरची बोटभर पट्टी पुरते. चालू कपाटाच्या तोंडाशी पट्टी धरा. हूड असेल तर ती आत वळते, लॅमिनार असेल तर बाहेर, तुमच्या अंगाकडे. उदबत्ती मात्र नको. लॅमिनारमध्ये तिची काजळी हेपात बसते, आणि हूडमध्ये आधीच्या माणसाने सॉल्व्हंट उघडं ठेवलं असेल तर काय होईल ते सांगायला नको.

आता विजेकडे. लॅमिनारमध्ये वीज खातो तो फक्त ब्लोअर आणि दिवा. चार फुटी लॅमिनार तासाला साधारण पाव ते अर्धा युनिट घेतो. हवा खोलीतच फिरते, थंड केलेली हवा वाया जात नाही. हूडचा पंखा एक एचपीच्या आसपासचा, म्हणजे तासाला पाऊण युनिट. फार नाही, असं वाटतं. पण हूडचा खरा खर्च पंख्याच्या मीटरवर दिसत नाही, तो एसीच्या मीटरवर दिसतो.

हिशेब करून बघा. दीड मीटर रुंदीचा हूड, काच ४५ सेंटिमीटर उघडी, आणि तोंडाशी वाऱ्याचा वेग सेकंदाला ०.५ मीटर, जो साधारणपणे योग्य मानतात. दीड गुणिले ०.४५ गुणिले ०.५ म्हणजे सेकंदाला सुमारे ०.३४ घनमीटर हवा, तासाला १,२०० च्या वर. सहा मीटर लांब, पाच रुंद, तीन उंच खोलीत हवा असते ९० घनमीटर. म्हणजे हा एकटा हूड तासाला तेरा वेळा अख्खी खोली रिकामी करून गच्चीवर टाकतो. गेलेल्या हवेची जागा बाहेरची हवा घेते. त्या हवेला वेगळी वाट ठेवलेली नसेल तर ती दाराच्या फटीतून शिट्टी वाजवत येते आणि दार उघडायला जोर लावावा लागतो. अशी लॅब नाशिककरांनी नक्की पाहिली असेल.

एप्रिलच्या दुपारी बाहेर ३८ अंश असतात आणि लॅबला २४ हवे असतात. आत येणारी ही हवा १४ अंशांनी थंड करायला जवळपास ५.४ किलोवॉट थंडावा लागतो, म्हणजे दीड टन. आपल्या बेडरूममध्ये असतो तसा दीड टनी एसी पूर्ण ताकदीने चालवायचा आणि त्याची सगळी थंड हवा गच्चीवर सोडून द्यायची, असं ते होतं. विजेच्या भाषेत तासाला साधारण १.८ युनिट, आठ तासांत चौदा-पंधरा. पंख्याचे सहा वेगळे. म्हणजे अशा उन्हाळ्यात एका हूडचे दिवसाला वीस युनिट, आणि हूड सहसा एकटा नसतो.

नाशिकमध्ये हे आणखी टोचतं. द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. युरोपला जाणाऱ्या मालाची कीटकनाशक अवशेषांसाठी तपासणी होते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांवरून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, ते निर्यातदार बागायतदार अजून विसरलेले नाहीत. नमुना वाटायचा, इथाइल ॲसिटेट किंवा ॲसिटोनायट्राइलने अर्क काढायचा, नायट्रोजनच्या झोताखाली तो आटवायचा, आणि हे सगळं हूडमध्ये. ऊन चढत जातं तशी नमुन्यांची रांग वाढत जाते आणि हूडही रात्री उशिरापर्यंत चालू राहतो. आपलं एकलहऱ्याचं वीजकेंद्र कोळशावर चालतं, २१० मेगावॉटचे ३ संच. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गच्चीवर सोडलेल्या थंड हवेत तो कोळसाही असतो.

मग उपाय काय? काच खाली करा, असं सगळे सांगतात, आणि ते बरोबर आहे, पण अर्धं. आपल्याकडचे बरेच जुने हूड ठरावीक प्रमाणात हवा ओढणारे आहेत. काच खाली आली की वरची झडप उघडते आणि तितकीच हवा तिथून आत जाते. काच खाली घेतल्याने सुरक्षितता वाढते, बिल मात्र जवळपास तेवढंच राहतं. बचत हवी असेल तर पंख्याला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून तो काचेच्या उंचीप्रमाणे हळू-जलद व्हायला हवा. पंख्याचं गणित इथे आपल्या बाजूचं आहे: वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. व्हीएफडीला पैसे लागतात, पण हंगामाआधी मालकाशी बोलताना पंख्याची बचत बाजूला ठेवा आणि एसीचा आकडा पुढे करा. मोठा आकडा तोच असतो.

काही ठिकाणी “जास्त ओढ म्हणजे जास्त सुरक्षित” म्हणून वेग वाढवून ठेवतात. सेकंदाला ०.७५ मीटरच्या पुढे गेलं की तोंडाशी भोवरे उठतात आणि वाफ उलट बाहेर येऊ शकते. म्हणजे वीजही जास्त आणि धोकाही जास्त. वर्षातून एकदा ॲनिमोमीटरने वेग मोजून घ्या.

आणि हूडमध्ये बाटल्या साठवू नका. हे मी कळकळीने सांगते. आत सॉल्व्हंटच्या वीस बाटल्या असल्या की रात्री पंखा बंद करता येत नाही, आणि कुणी बचत म्हणून बंद केलाच तर सकाळी दार उघडणाऱ्याच्या नाकात सगळं. बाटल्यांना हवा काढणारं वेगळं छोटं कपाट द्या, त्याला हवा कितीतरी कमी लागते. आत प्रयोग चालू असेल किंवा वाफ असेल, तर हूड कधीही बंद करायचा नाही. त्या विजेची बचत कुणी मागू नये.

लॅमिनारची बचत याहून सोपी. काम नसेल तर बंद करा, कामाआधी पंधरा-वीस मिनिटं चालू करा. यूव्ही ट्यूबही कामाआधी वीस-तीस मिनिटं पुरते, रात्रभर नको, आणि ती चालू असताना समोर बसायचं नाही. प्रीफिल्टर महिना-दोन महिन्यांनी साफ केला नाही तर ब्लोअर जोर लावत राहतो आणि हजारोंचा हेपा अकाली चोंदतो. प्रेशर गेजचा काटा चढायला लागला की आधी प्रीफिल्टर काढून उजेडाकडे धरा. पलीकडचं दिसत नसेल तर कारण सापडलं.

तिसरं एक कपाटही लॅमिनारसारखंच दिसतं: बायोसेफ्टी कॅबिनेट. ते माणूस आणि नमुना दोघांनाही जपतं, म्हणून रोगजंतूंचं काम त्यातच करायचं. पण नेहमीच्या प्रकारात बरीचशी हवा आतल्या आतच फिरते, त्यामुळे सॉल्व्हंट तिथेही नाही.

खरेदी करताना विक्रेत्याला ‘एक हूड द्या’ एवढंच सांगू नका. आत अर्क आटवायचाय, प्लेटा ओतायच्यात, की थुंकीचे नमुने उघडायचेत ते सांगा, आणि दिवसाला किती तास चालणार तेही.