इंजिन तापते ते गाडी चालताना

रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू केली, की ती पाच-दहा मिनिटे जागेवरच चालू ठेवायची आणि मगच गिअर टाकायचा, ही शिस्त अनेक वाहनचालक आजही निष्ठेने पाळतात. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांत्रिक पद्धतीने मिसळणाऱ्या साधनाच्या, काळात या शिस्तीला आधार होता. थंड इंजिनात पेट्रोलचे नीट बाष्पीभवन होत नसे, त्यामुळे चोक ओढून मिश्रणातले पेट्रोलचे प्रमाण मुद्दाम वाढवावे लागे आणि एवढे करूनही अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिन आचके देत बंद पडे. आजच्या इंजिनात संवेदक शीतकाचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, म्हणजे कूलंटचे) आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजतात, त्यावरून किती इंधन फवारायचे हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो आणि काही सेकंदांतच गाडी चालवण्याजोगी होते. तेव्हा आता विचार करायचा तो इंजिनाच्या झिजेचा, आणि त्या बाबतीत जागेवर ताटकळणे हा जवळजवळ सर्वांत वाईट पर्याय ठरतो.

प्रथम ऑइलचे पाहू. ५डब्ल्यू-३० या सर्रास वापरल्या जाणाऱ्या दर्जाचे ऑइल १०० अंश सेल्सिअसला जितके दाट असते, त्याच्या सुमारे पंधरा पट ते २० अंशांना असते आणि शून्य अंशाला हा आकडा चाळीस-पन्नास पटींच्या घरात जातो. एवढे दाट ऑइल वरच्या भागांपर्यंत पोहोचतच नाही, असे अनेकदा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. ऑइल योग्य दर्जाचे असेल तर पंप ते काही सेकंदांत पुढे ढकलतो, आणि ऑइलच्या दाबाचा लाल दिवा विझतो तो त्यामुळेच. अडचण वेगळीच असते. थंड ऑइल गाळणीतून सहज जात नाही, म्हणून दाब फार वाढल्यास गाळणीला वळसा देणारी झडप उघडते आणि काही काळ ऑइलचा काही भाग न गाळताच फिरतो. शिवाय झीज रोखण्यासाठी ऑइलमध्ये मिसळलेली काही रसायने धातूवर आपला संरक्षक थर चढवतात तो मुख्यतः उष्णता आणि घर्षण यांच्या साहाय्याने. थंडपणी त्यांचे काम मंदावलेले असते.

धातूंचे प्रसरण हा दुसरा भाग. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि तो ज्या सिलिंडरमध्ये फिरतो त्याची आतली भिंत बहुधा बिडाची असते. ८० मिलिमीटर व्यासाचा असा पिस्टन १०० अंशांनी तापला, तर साधारण ०.१६ मिलिमीटरने फुगतो; तेवढ्याच तापमानवाढीत बिडाचे प्रसरण जवळपास निम्मेच होते. त्यातून ज्वलनाला थेट भिडणारा पिस्टन भिंतीपेक्षा अधिक तापतो. हे सगळे हिशेबात धरून पिस्टन मुळातच किंचित लहान आणि थोडा लंबगोल घडवतात, म्हणजे तापल्यावर तो अचूक बसतो. थंड असताना मात्र फट मोठी राहते, पिस्टन किंचित कलंडत भिंतीवर आपटतो आणि काही इंजिनांत त्याची बारीक टकटक ऐकूही येते, जी इंजिन तापले की थांबते.

तिसरा घटक इंधन, आणि माझ्या मते जागेवर तापवण्याच्या सवयीविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच. पूर्ण ज्वलनासाठी १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. थंड इंजिनाला नियंत्रक त्याहून अधिक पेट्रोल देतो, कारण त्यातला काही भाग वाफ न होता थेंबांच्या रूपातच राहणार हे गृहीत असते. हे थेंब सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन काढतात आणि पिस्टनच्या कड्यांवरून खाली ओघळत ऑइलमध्ये मिसळतात. म्हणजे जिथे वंगणाची सर्वाधिक गरज तिथलेच वंगण जाते आणि उरलेले सौम्य होते. ही अवस्था जितकी लांबवावी तितके नुकसान वाढते, आणि जागेवर चालणारे इंजिन ती नेमकी लांबवते, कारण त्या वेळी ते जेमतेम स्वतःला फिरवण्यापुरतेच इंधन जाळत असते. इंधन थोडे, म्हणून उष्णताही थोडी. डिझेल इंजिनात तर जागेवर असताना इंधनाच्या मानाने फार जास्त हवा आत येते, त्यामुळे ते आणखीच रेंगाळत तापते. चाके, गिअरपेटी आणि धक्काशोषक यांनाही ऊब लागते, पण ती गाडी हलल्याशिवाय मिळतच नाही.

म्हणून गाडी सुरू केल्यावर अर्धा मिनिट पुरते. टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या तबकडीचा, काटा सुरुवातीला मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांवर असतो आणि हळूहळू उतरतो; या वाढलेल्या फेऱ्यांमागे धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवणे हाही हेतू असतो, कारण साधारण २५० ते ३०० अंशांखाली तो धुरातले विषारी वायू फारसे निवळवू शकत नाही. (बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे कार्बन मोनॉक्साइडमुळे जीवघेणे ठरते.) काटा स्थिरावू लागला की निघावे, पेट्रोल इंजिन २५०० फेऱ्यांच्या आणि डिझेल २००० च्या आसपास ठेवावे, अ‍ॅक्सिलरेटर हलक्या पायाने दाबावा. जपून चालवणे म्हणजे वरच्या गिअरमध्ये रखडत ओढणे असा अर्थ मात्र घेऊ नये. बेअरिंगमधला ऑइलचा थर फिरण्याच्या वेगावर टिकतो, आणि कमी फेऱ्यांत भारी ओझे टाकले की तो पातळ होतो. टर्बोचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) असेल तर संयम अधिक हवा, कारण त्याचा दांडा मिनिटाला लाखभर किंवा त्याहून अधिक फेऱ्या घेतो तो ऑइलच्याच आधारावर.

तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापले, या समजात एक खोच आहे. तो काटा शीतकाचे तापमान सांगतो. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत बंद राहून शीतक इंजिनाभोवतीच फिरवत ठेवतो, म्हणून ते लवकर तापते. तळाच्या टाकीतले ऑइल त्याच्या बरेच मागे असते. काटा स्थिरावल्यानंतरही आणखी पाच-दहा मिनिटे जोर लावू नये.

उरते पाणी. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे तेवढेच पाणी तयार होते. तापलेल्या इंजिनात ते वाफेच्या रूपाने निघून जाते. थंड इंजिनात त्यातला काही भाग सायलेन्सरमधून ठिबकतो, तर काही पिस्टनच्या कड्यांजवळून खाली उतरून ऑइलमध्ये साचतो. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीचे ऑइल भरण्याचे झाकण उघडले, तर आतल्या बाजूला पिवळट पांढरा, साईसारखा थर दिसतो तो याच पाण्याचा. अशा गाडीला अधूनमधून अर्धा-पाऊण तास सलग चालवले, की ऑइल चांगले तापते आणि त्यातले पाणी व पेट्रोल बरेचसे उडून जाते. लांब फेरीनंतरही तो थर पुन्हा दिसत असेल आणि शीतकाची पातळी खाली जात असेल, तर दोष थंडीचा नाही. शीतक आणि ऑइल एकमेकांत मिसळू न देणारे सिलिंडर हेडचे गॅस्केट तपासून घ्यावे.