ओट्यावरचा ‘ग्रॅनाइट’: एका नावाची पार्श्वभूमी

ग्रॅनाइटच्या आधी आपल्याकडे बहुतेक ओट्यांवर कडप्पा होता. आंध्रातून येणारा हा काळा दगड चुनखडीच्या जातीचा, त्यामुळे आंबट त्याला सोसत नाही. आमच्या जुन्या ओट्यावर लिंबू पिळायची जागा ठरलेली होती. नेमकी तेवढीच जागा राखाडी आणि खरबरीत झाली होती. अंधारात बोट फिरवलं तरी सापडायची. नव्वदच्या दशकात फ्लॅटच्या स्वयंपाकघरांत ग्रॅनाइट आला तो या तक्रारीवरचा उपाय म्हणून. डाग पडत नाही, सुरीने ओरखडत नाही, गरम कढई सोसतो. कडप्पा ओट्याखालच्या कप्प्यांपुरता उरला.

पण ‘ग्रॅनाइट’ म्हणून आपल्याकडे आला तो दगड कोणता, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मला हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण दगडातून निघणारा वायू असो की कापताना उडणारी धूळ, सुरक्षिततेची सगळी चर्चा इथेच अडकते.

भूशास्त्रात ग्रॅनाइट म्हणजे क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार ही खनिजं भरपूर असलेला, भूगर्भात सावकाश थंड झालेला, सहसा फिक्या रंगाचा दगड. त्यात काळाकुळकुळीत ग्रॅनाइट नसतोच. आंध्रातल्या चिमाकुर्तीहून येणारा, सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ हा गॅब्रोच्या, म्हणजे क्वार्ट्‌झ जवळपास नसलेल्या गडद खडकाच्या, कुळातला. ‘जेट ब्लॅक’ वगैरे नावांनी विकले जाणारे काळे दगड बहुधा गॅब्रो किंवा त्याचाच बारीक कणांचा भाऊ डोलेराइट. राजस्थानातला लाल-गुलाबी माल मात्र खऱ्या ग्रॅनाइटच्या जवळचा.

व्यापाऱ्यांनी हे सगळं एका नावाखाली आधीच आणलं होतं. 1999 साली केंद्राने ग्रॅनाइटच्या जतन आणि विकासाचे नियम केले, तेव्हा त्या बाजारी नावाला कायद्याचाही शिक्का मिळाला. त्या नियमांच्या व्याख्येत डोलेराइट, गॅब्रो, अ‍ॅनॉर्थोसाइट, सायनाइट, चार्नोकाइट असे कितीतरी दगड ‘ग्रॅनाइट’ ठरले. हव्या त्या मापात कापता यावा आणि त्याने पॉलिश घ्यावं, असे निकष होते. खाणपट्ट्यांच्या कारभारासाठी ही सोय समजू शकते. ओटा बांधणाऱ्याच्या हातून मात्र दगड ओळखायची खूण गेली. दुकानात आजही लॉटचं नाव आणि चौरस फुटाचा भाव कळतो, खडकाचं नाव कळत नाही.

याचा परिणाम 2008 मध्ये दिसला. ग्रॅनाइटच्या ओट्यातून रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघतो, अशा बातम्या अमेरिकेत आल्या आणि फिरत फिरत आपल्यापर्यंतही पोहोचल्या. त्यांना आधार होता. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये युरेनियम आणि थोरियम अल्प प्रमाणात असतात आणि युरेनियमच्या साखळीतून रेडॉन तयार होतो. पण घरातला रेडॉन मुख्यतः पायाखालच्या जमिनीतून येतो, आणि थंडीमुळे दारं-खिडक्या बंद ठेवणाऱ्या घरांत साठतो. ओट्याचा वाटा सहसा फारच थोडा. त्यातही गॅब्रोसारख्या काळ्या दगडांत युरेनियम खऱ्या ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी काळ्या ओट्यांना ती भीती नावामुळे चिकटली. खिडकी उघडी ठेवावी, एवढं पुरे आहे.

टिकाऊपणाचं म्हणाल तर ओटा सहसा सिंकपाशी दगा देतो. भोक कापल्यावर पुढे चार बोटांची पट्टी उरते. खाली आधार पोकळ राहिला की तडा तिथूनच जातो. शिवाय काही स्वस्त काळ्या लाद्यांना रंग किंवा तेल लावून चकाकी आणलेली असते. अ‍ॅसिटोनचा बोळा घासला आणि काळा झाला, तर ती लादी घेऊ नये.

खरा धोका कापणाऱ्याला आहे, आणि त्याकडे इतकी वर्षं दुर्लक्ष झालं याचं वाईट वाटतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कारागीर सिंकचं भोक कापतो तेव्हा हातातल्या कटरमधून करड्या धुळीचा लोट उठतो. शेजारच्या स्कूटरच्या सीटवर, त्याच्या भुवयांवर तीच धूळ बसते. क्वार्ट्‌झची ती बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो, आणि तो बरा होत नाही. पात्यावर पाण्याची धार सोडली तर ही धूळ बरीच दबते.

गेल्या काही वर्षांत ओट्यासाठी कृत्रिम ‘क्वार्ट्‌झ’ लाद्या आल्या. त्यांत सिलिका, म्हणजे क्वार्ट्‌झ ज्याचा बनतो तो पदार्थ, 90 टक्क्यांच्या आसपास असू शकते. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये ही स्फटिकरूप सिलिका त्याच्या निम्म्याहूनही कमी. कापणारे तरुण कामगार आजारी पडू लागल्यावर ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा लाद्यांवर बंदी घातली. आपल्याकडे तोच कारागीर आज गॅब्रो कापतो, उद्या लाल ग्रॅनाइट, परवा क्वार्ट्‌झ, आणि तिन्ही दिवस नाकावर तोच रुमाल बांधलेला असतो.