ज्वारीतली विषं (सॉर्गोलिओन आणि धुरिन)

ज्वारी आपल्याकडे गरीब पीक समजलं जातं, पण ही बाई दोन आघाड्यांवर लढते. मुळातून सॉर्गोलिओन सोडते, त्याने शेजारचं तण खुरटतं, आणि पानात धुरिन साठवते, त्यामुळे बऱ्याच किडी तोंड लावत नाहीत. झाडाने सोडलेल्या रसायनाचा दुसऱ्या झाडावर असा परिणाम होतो त्याला अ‍ॅलेलोपॅथी म्हणतात, शब्द हान्स मोलिशचा, १९३७ चा.

सॉर्गोलिओन घरी बघता येतं. दाणे दमट टिपकागदावर मोड यायला ठेवायचे (पाण्यात बुडवायचे नाहीत), मग मुळांवर जे बारीक केस येतात त्यांच्यावर भिंगातून पिवळसर तेलकट थेंब दिसतात, तेच ते. हे कोवळ्या तणात गेलं की प्रकाशसंश्लेषण अडवतं, आणि गंमत म्हणजे अ‍ॅट्राझिन हे दुकानातलं तणनाशकही नेमकं तिथेच घाव घालतं. बारीक बियांच्या तणावर याचा जोर जास्त. ज्वारीनंतरचं पीक दबतं ही तक्रार जुनीच आहे, पण सगळा दोष याच्यावर टाकू नये, धसकटं कुजताना जमिनीतलं नत्रही ओढून घेतात. पाकिस्तानात ज्वारीचा अर्क काढून तणावर फवारायचे प्रयोग झालेत, त्याला सॉर्गाब म्हणतात.

धुरिन हे नाव ज्वारीच्या अरबी नावावरून, म्हणजे ‘धुरा’ या शब्दावरून आलं. पानात धुरिन एका पेशीत आणि ते फोडणारं एन्झाइम दुसऱ्या पेशीत असतं, पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक अ‍ॅसिड सुटतं, म्हणजे सायनाइडच. टोळ कोवळी ज्वारी खायला नाखूष असतात ते यामुळे. खोडमाशीला मात्र काही फरक पडत नाही, ती नेमकी कोवळ्या रोपावरच येते!

खरा फटका गुरांना बसतो. धुरिन रोपात सगळ्यात जास्त, वाढत्या वयात कमी होत जातं, पण पाण्याचा ताण पडला किंवा युरिया जास्त झाला की वाढतं, आणि कापणीनंतर बुडख्याला येणारे फुटवे तर हमखास धोक्याचे. वाळलेल्या कडब्यात ते बरंच उतरलेलं असतं. जनावर धापा टाकायला लागलं, लडखडलं तर लगेच डॉक्टरला बोलवायचं, सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात, पण हाताशी वेळ फार थोडा असतो.