फ्लशचा फवारा, कोरडा ट्रॅप आणि आपले हात

फ्लश दाबल्यावर कमोडमधून पाण्याचे बारीक कण वर उडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ते नाहीतच असे आपण धरून चालतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातले अभियंते जॉन क्रिमाल्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दिसतील अशी सोय केली. सार्वजनिक स्वच्छतागृहात असतो तसा बिनझाकणाचा कमोड प्रयोगशाळेत बसवला, त्यावर हिरव्या लेसरचा पातळ पडदा टाकला आणि फ्लश केला. भांड्यात फक्त नळाचे पाणी होते. लेसरच्या उजेडात तुषारांचा लोट सेकंदाला दोन मीटरहून अधिक वेगाने उसळताना दिसला आणि आठ सेकंदांत दीड मीटर उंचीवर पोहोचला. उभ्या माणसाचे नाकतोंड साधारण त्याच उंचीवर असते.

त्यावर ‘झाकण लावून फ्लश करा’ हा सल्ला सगळीकडे दिला जातो. मुंबईत तो किती जणांना लागू पडतो? चाळीतल्या सामाईक संडासाला आणि वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाला झाकण नसते, कारण तिथे कमोडच नसतो. स्टेशनवर, ऑफिसात कमोड असला तरी त्यावर झाकण असेलच असे नाही. त्यामुळे फवाऱ्यात नेमके काय असते आणि ते आपल्या पोटापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, हे समजून घेणे जास्त उपयोगाचे आहे.

पाणी जोरात भांड्यात शिरते तेव्हा हवाही सोबत ओढली जाते आणि असंख्य बुडबुडे तयार होतात. ताज्या सोड्याच्या ग्लासावर तळहात धरला तर बारीक टोचणारा ओलावा लागतो, तो फुटणाऱ्या बुडबुड्यांचा. कमोडमध्येही तेच घडते. बुडबुडा वर येताना वाटेतले जिवाणू त्याच्या कडेला चिकटतात, त्यामुळे तो फुटल्यावर उडणाऱ्या थेंबांत जिवाणूंचे प्रमाण मूळ पाण्यापेक्षाही जास्त असू शकते. मोठे थेंब काही सेकंदांत फरशीवर आणि सीटवर पडतात. पाच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण मात्र शांत हवेत एक मीटर खाली यायला वीसेक मिनिटे घेतो, आणि एक मायक्रॉनचा तर काही तास तरंगतो. पाणी जितक्या जोराने येते तितके तुषार जास्त. मॉलमधल्या दाबाच्या फ्लश व्हॉल्व्हचा फवारा घरच्या टाकीपेक्षा जोरकस असतो, तो यामुळेच.

हा विषय नवा नाही. १९५९ मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फ्लशमधून उडणाऱ्या जंतूंवर निबंध आला होता. १९७५ मध्ये अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गर्बा यांनी भांड्यात मुद्दाम जिवाणू आणि विषाणू सोडून फ्लश केले. थेंब स्नानगृहात इतरत्र जाऊन बसले हे त्यांना आढळलेच, पण मला त्यांचे दुसरे निरीक्षण जास्त महत्त्वाचे वाटते: अनेक वेळा फ्लश करूनही भांड्यात जंतू शिल्लक राहिले. ते चिनी मातीच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि पुढच्या प्रत्येक फ्लशबरोबर थोडे थोडे सुटतात. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात, घरात साल्मोनेलाची लागण होऊन गेल्यावर भांड्याच्या कडेखालच्या पापुद्र्यात तो जिवाणू काही आठवडे जिवंत सापडला होता. म्हणजे फ्लशने मैला जातो, भांडे स्वच्छ होत नाही. त्यासाठी घासावेच लागते.

झाकणाबद्दलचे पुरावे दोन्ही बाजूंनी बोलतात. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या संशोधकांनी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूवर काम केले. झाकण उघडे असताना तो हवेत सीटपासून पंचवीस सेंटिमीटर उंचीपर्यंत सापडला, आणि फ्लशनंतर तासाभराने हवेतले प्रमाण आठपटीने कमी झाले होते. झाकण लावल्यावर ते मुळातच कितीतरी कमी होते. पण २०२४ मध्ये गर्बा यांच्याच गटाने विषाणूवर प्रयोग केला, तेव्हा आजूबाजूच्या पृष्ठभागांवर पडलेल्या विषाणूंत झाकण लावल्याने लक्षणीय फरक दिसला नाही. झाकण आणि सीट यांच्यामधल्या फटीतून हवा बाहेर पडतेच, आणि वर अडलेला लोट बाजूने निघतो. भांड्यात जंतुनाशक टाकून ब्रशने घासल्यावर मात्र तिथले विषाणू दहा हजार पटींहून अधिक घटले. घरी झाकण असेल तर जरूर लावा, मोठे थेंब अडतात. भरवसा मात्र ब्रशवर ठेवा.

आता मुख्य प्रश्न: या फवाऱ्याने माणसे आजारी पडतात का? केवळ घरातल्या फ्लशच्या तुषारांमुळे आजार पसरल्याचा ठाम पुरावा आजवर पुढे आलेला नाही. हातावाटे तोंडात जाणाऱ्या जंतूंबाबत पुरावा भक्कम आहे. नोरोव्हायरस या उलट्या-जुलाब घडवणाऱ्या विषाणूची लागण झालेल्या माणसाच्या एका ग्रॅम विष्ठेत अब्जावधी विषाणू असतात आणि दुसऱ्याला आजारी पाडायला १० ते १०० कणही पुरतात. शिगेला या रक्ती आव घडवणाऱ्या जिवाणूचेही तसेच. साबणाने हात धुण्याची सवय लागली की जुलाबाचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटते, हे अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसले आहे.

रोगाची वाट चुकीची ओळखली की कष्ट वाया जातात, हे या शहराने पूर्वी अनुभवले आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला तेव्हा रोग घाणीतून आणि दुर्गंधीतून येतो अशी समजूत होती. नगरपालिकेने गटारे कार्बोलिक ॲसिडने आणि समुद्राच्या पाण्याने धुऊन काढली. गटारे धुतली हे चांगलेच झाले, पण उंदरांच्या अंगावरच्या पिसवा घराघरांत फिरतच राहिल्या. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी पिसूचा दुवा दाखवला तो १८९८ मध्ये, कराचीत.

आपल्या संडासात हाताची वाट कुठे कुठे आहे ते पाहा. जेट स्प्रेचा दांडा, मग, बादलीची कडी, फ्लशचे बटण, दाराची आतली कडी. आणि सर्वांत दुर्लक्षित, हात धुण्याचा नळ. अस्वच्छ हाताने आपण तो उघडतो आणि धुतलेल्या हाताने बंद करतो. साबण लावलेल्या हाताने नळाचे डोके चोळून त्यावर पाणी ओतले, की मगच हात धुणे पुरे झाले. पाणी काही तासच येते अशा घरांत पिंप भरून ठेवतात आणि त्यात तांब्या बुडवतात. तांब्याबरोबर बोटेही बुडतात. पिण्याच्या पाण्यासाठी तरी लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटी असलेले पिंप हवे. सॅनिटायझरवर इथे विसंबू नये. अल्कोहोल नोरोव्हायरसवर फारसे चालत नाही आणि क्लॉस्ट्रिडियमच्या बीजाणूंवर, म्हणजे त्याच्या टणक कवचातल्या सुप्त रूपावर, अजिबात नाही.

हवेतून जाणारी एक वाट मात्र खरी आहे आणि ती मुंबईच्या इमारतींना नेमकी लागू पडते. २००३ मध्ये हाँगकाँगमधल्या ॲमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्स या श्वसनाच्या विषाणूजन्य आजाराची तीनशेहून अधिक माणसांना लागण झाली, त्यातली बरीचशी एकाच इमारतीतली. आरंभीचा रुग्ण तिथे आला तेव्हा त्याला जुलाब होत होते. तपासात संशयाचे बोट स्नानगृहाच्या फरशीतल्या जाळीखाली असलेल्या ट्रॅपकडे गेले. अनेक घरांत ते कोरडे पडले होते. ट्रॅपच्या वाकात साचलेले पाणी मैल्याच्या नळातली हवा अडवते. ते पाणीच नसल्याने एक्झॉस्ट पंख्याने नळातली दूषित, तुषारांनी भरलेली हवा घरात खेचली आणि डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या मोकळ्या पोकळीत, सोडली. तिथून ती वरखालच्या घरांत शिरली असावी, असा निष्कर्ष निघाला.

आपल्याकडचा नहाणी ट्रॅप हेच काम करतो. मे महिन्यात घराला कुलूप लावून कुटुंब कोकणात जाते. काही आठवड्यांत ट्रॅपमधले पाणी उडून जाते, आणि परत आल्यावर घरात येणारा गटाराचा वास ही त्याचीच खूण. निघताना जाळीत तांब्याभर पाणी आणि वरून चमचाभर खाद्यतेल ओतावे. तेलाच्या थरामुळे पाणी सावकाश उडते. परतल्यावर आधी प्रत्येक जाळीत पाणी ओतावे, मग पंखा चालू करावा. दुसऱ्या बाथरूममधला कोपरा, वॉशिंग मशीनखालची जाळी, वापरात नसलेले बेसिन हेही विसरू नयेत. डक्टमधली मैल्याची नळी चिरली असेल तर तो फक्त खालच्या मजल्यावरच्या गळतीचा वाद नसतो. सोसायटीने ते काम पुढे ढकलू नये.

पावसाळ्यात हिशेब थोडा बदलतो. जुलैतल्या दमट हवेत थेंब लवकर सुकत नाहीत, म्हणून ते जड राहून लवकर खाली पडतात. पण पडलेला ओलावाही सुकत नाही आणि ओल्या फरशीवर आतड्यातले जिवाणू जास्त काळ टिकतात. म्हणून पाणी काढून घेणारा वायपर आणि उघडी खिडकी यांची किंमत या दिवसांत मोठी. संडास-न्हाणीघर एकत्र असेल तर टूथब्रश बाहेर ठेवणे हाच साधा उपाय. जुन्या इमारतींत दोन्ही वेगळे असत, ती रचना आरोग्याच्या दृष्टीने चांगलीच होती.

घरात कोणाला जुलाब-उलट्या होत असतील तेव्हा शक्य तर त्या व्यक्तीसाठी वेगळा टॉवेल आणि मग ठेवावा. भांडे रोज जंतुनाशकाने घासावे, बटण, कडी आणि नळ पुसून घ्यावेत. पण ॲसिडयुक्त टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र ओतू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद, चिंचोळ्या संडासात तो जिवावर बेतू शकतो. एक वापरल्यावर भरपूर पाणी सोडावे, दुसरे दुसऱ्या दिवशी.

सार्वजनिक शौचालयांत टाइल्स आणि रंगरंगोटीआधी साबण आणि वाहते पाणी हवे, दारे आतून बंद होतील अशा धड कड्या हव्यात आणि वर जाळीची खिडकी हवी. तिथे साफसफाई करणाऱ्या माणसांचा विचार तर फवाऱ्याच्या चर्चेत कोणी करतच नाही. आपण फ्लश करून निघून जातो. ते त्या हवेत दिवसभर असतात, वाकून ब्रश चालवतात, तेव्हा उडणारा तुषार त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतो. हातमोजे, गमबूट, मास्क, आणि काम संपल्यावर अंघोळीला पाणी, एवढे प्रत्येक कंत्राटात लिहिलेले असावे आणि त्यांना रोज मिळावे.