डेंकालीच्या जंगलाचा मुंबईतला पत्ता

मराठी घरांतल्या दोन पिढ्यांच्या मे महिन्याच्या सुट्ट्या चित्रकथांतल्या ज्या वेताळाने (मूळ इंग्रजीत ‘फँटम’) गाजवल्या, तो मुळात पुस्तकासाठी जन्मलेलाच नव्हता. तो वर्तमानपत्रातला. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याची दैनिक चित्रपट्टी सुरू केली. चित्रे रे मूरची, वितरण किंग फीचर्स सिंडिकेटचे. फॉकचा जादूगार मँड्रेक त्याआधीच, १९३४ पासून, चालू होता. सुपरमॅन आला तो १९३८ मध्ये. म्हणजे अंगालगतचा पोशाख आणि बुबुळे न दिसणारा मुखवटा घालून वेताळ त्याच्याआधी दोन वर्षे गुंडांना लोळवत होता, तेही कुठलीही दैवी शक्ती नसताना. माझ्या लेखी त्याचे मोठेपण तिथेच आहे. तो मरतो. बापानंतर मुलगा मुखवटा चढवतो, आणि जग समजते की हा अमरच आहे. आपण ज्याच्या गोष्टी वाचल्या, तो या घराण्यातला एकविसावा.

तो मराठीत ज्यांतून भेटला, ते इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक आज पुन्हा वाचायला घेतले, की हे वर्तमानपत्री मूळ पानोपानी दिसते. दर तीन-चार चौकटींनी कोणीतरी दचकते, दार उघडते, पिस्तूल रोखले जाते. आणि लगेच पुढच्या चौकटीत कोणीतरी आधी घडलेलेच थोडक्यात सांगते. तो कालच्या अंकाचा शेवट आणि आजच्या अंकाची सुरुवात. वाचक उद्या पेपर उघडेल याची सोय फॉकला रोज करावी लागे. लहानपणी ही पुनरुक्ती जाणवत नसे, जाणवे तो फक्त वेग. आज ते सांधे दिसतात, आणि लेखकाच्या रोजच्या मेहनतीबद्दल आदर वाढतो.

या पट्ट्यांचे पुस्तक झाले मुंबईत. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. पहिला अंक वेताळाच्या कंबरपट्ट्याची गोष्ट सांगणारा. पहिले ३२ अंक सगळे त्याचेच. मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, बझ सॉयर अशी मंडळी येत गेली. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली आणि दक्षिणी भाषांतूनही अंक निघाले. आधी मासिक, मग पाक्षिक, शेवटी साप्ताहिक. या उभारणीच्या काळात तिथे काम करणारे अनंत पै पुढे १९६७ मध्ये अमर चित्र कथेकडे वळले. भारतीय मुलांच्या चित्रकथांचा इतिहास सांगताना हा दुवा बऱ्याचदा निसटतो, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

मूळ पट्टी आडवी आणि अंकाचे पान उभे, त्यामुळे कापाकापी आलीच. चौकटी सुट्या करून पुन्हा लावल्या जात, काही गाळल्या जात, कारण पाने ठरलेली आणि गोष्ट मात्र पेपरात महिनोन्‌महिने चाललेली. दैनिक पट्टी काळी-पांढरी असे, तेव्हा रंगही इथेच चढत. जुना अंक उजेडात धरून पाहा: जांभळा रंग खांद्याच्या रेषेबाहेर सरकलेला असतो, आणि पिवळा ठिपका एखाद्या टारझनछाप खलनायकाच्या दाढीत शिरलेला. मुखपृष्ठाची गोष्ट मात्र वेगळी. सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठे बी. गोविंद यांनी रंगवली. आत रेषांचे चित्र, वर कुंचल्याने भरलेले जंगल. आमच्या मनातला वेताळ त्या मुखपृष्ठांनी घडवला, असे मी तरी ठामपणे म्हणेन.

आतल्या चित्रांतही भेद आहेत. सुरुवातीच्या अंकांत चित्रकार विल्सन मॅकॉय भरपूर: साधी, जाड, काहीशी अवघडलेली माणसे. १९६१ मध्ये त्यांच्या जागी साय बॅरी आले आणि पट्टी बदलली. स्नायू, सावल्या, शहरातल्या मोटारी, वेताळाची प्रेयसी डायना हिच्या चेहऱ्यावरची काळजी, सगळे नेमके. आपल्याकडे ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत वाचले, त्यांचा वेताळ बॅरींचाच. मॅकॉयला मी पूर्वी पटकन उलटून टाकत असे. आता त्याच्या साध्या रेषेत परीकथेचा एक गोडवा सापडतो.

नावांचा मामला जास्त गुंतागुंतीचा. फॉकवर ‘जंगल बुक’ लिहिणाऱ्या किपलिंगच्या जंगलाची छाप होती. वेताळाचा मित्र गुरन याच्या बांदार जमातीचे नाव तिथूनच आले. किपलिंगचा जन्म मुंबईचा, म्हणजे वळसा घालून ही गोष्ट घरीच परतली. पहिल्याच कथेतले समुद्री चाचे मूळ पट्टीत ‘सिंग’ टोळीचे होते आणि वेताळाचा देश ‘बंगाला’. भारतीय वाचकांसमोर हे चालणारे नव्हते. इंद्रजालने चाच्यांना ‘सिंगा’ केले आणि देशाला ‘डेंकाली’. मुंबईच्या एका कचेरीत ठरलेले नाव लाखो मुलांच्या नकाशावर कायमचे बसले.

पण नावे बदलून मूळ चौकट बदलत नाही. गोरा माणूस कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसतो आणि आसपासच्या जमाती त्याचा शब्द पाळतात, ही कल्पना १९३६ च्या साम्राज्यांच्या जगातली आहे. आज वाचताना ती खुपते, आणि खुपायलाच हवी. त्याच वेळी फॉक जागेवर थांबला नाही, हेही नोंदवायला हवे. आफ्रिकेतले देश स्वतंत्र होत असताना त्याच्या पट्टीतही लोकांनी निवडलेला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष लुआगा आला, आणि बबाबूसारखा लष्करशहा त्याच्या विरोधात उभा राहिला. १९७७ मध्ये डायनाशी लग्न झाले, पुढे जुळी मुले झाली. चाळीस वर्षे वाट पाहायला लावणारी नायिका संयुक्त राष्ट्रांत नोकरी करत होती, याचे मला फार कौतुक वाटते.

इंद्रजालने स्वतःचा नायक दिला तो १९७६ मध्ये: बहादूर. लेखक आबिद सुरती, चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. डाकूचा मुलगा, भगवा कुर्ता आणि जीन्स, सोबत मैत्रीण बेला, आणि डाकूंशी लढायला गावकऱ्यांचे दल. चंबळच्या बातम्या तेव्हा पेपरात रोज असत, त्यामुळे हे जंगल परके वाटत नसे.

१९९० मध्ये इंद्रजाल बंद झाले, तोवर ८०० हून अधिक अंक निघाले होते. जुन्या अंकांच्या शोधात असणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे: क्रमांक ४४३ पर्यंत सरळ चालतात, त्यानंतर १९८३ पासून खंड २०, अंक १ अशी मोजणी सुरू होते. मधले अंक हरवलेत असे समजून रद्दीवाल्याशी हुज्जत घालू नये. फॉकची पूर्ण गोष्ट हवी असेल, तर परदेशी प्रकाशकांनी न कापता छापलेले पट्ट्यांचे संग्रह घ्यावेत. गोविंदांचे मुखपृष्ठ, सरकलेला जांभळा आणि डेंकाली हवे असेल, तर मात्र जुन्या इंद्रजालला पर्याय नाही; आणि मराठी अंक दिसला, तर फाटका असला तरी तो आधी उचलावा.