टिचकी-साहसखेळ : हौशी निर्मिती (ग्रामीण विदर्भ)

टिचकी-साहसखेळ : पडद्यावरील चित्रातली वस्तू, जागा वा माणूस यांवर माऊसने, अलीकडे मोबाइलवर बोटाने, टिचकी मारून गोष्ट पुढे नेण्याचा संगणकीय खेळप्रकार. बोलण्यात सर्रास ‘पॉइंट-अँड-क्लिक’च म्हणतात, येथील शब्द सोयीपुरता आहे. यात नेमबाजी नसते, हाताच्या वेगाची परीक्षाही नसते. कोणती वस्तू कुठे लागू पडेल आणि कोणाला काय विचारावे, एवढ्यावर खेळ चालतो. एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून, पोटापाण्याचा हेतू न ठेवता असे खेळ रचणे, ही या नोंदीची कक्षा होय. विदर्भातील खेड्यांच्या संदर्भात या छंदाचा वेगळा विचार करावा लागतो तो मुख्यतः भाषेमुळे. खेळ मराठीत, त्यातही वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत बोलू लागला की व्याकरण आणि अक्षरजुळणी या दोन्ही गोष्टी रचणाऱ्याच्या वाटेत येतात. चित्रे त्यामानाने लवकर साधतात.

उगम : या प्रकारातला पहिला खेळ कोणता याविषयी एकमत नाही, आणि वादाचे मूळ व्याख्येत आहे. साहसखेळांची परंपरा विल क्राउदर यांच्या, केंटकीतील मॅमथ गुहेवर बेतलेल्या, निव्वळ शब्दांच्या खेळापासून मोजतात. त्याचा काळ साधारणतः १९७५-७६ धरला जातो. डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये त्यात मोठी भर घातली. क्राउदर यांची मूळ संगणकसंहिता हरवली असे बराच काळ मानले जात होते. ती मिळाल्यावर डेनिस जर्झ यांनी २००७ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि कोणता भाग कोणाचा हे पुष्कळसे स्पष्ट झाले. चित्रांची जोड १९८० च्या ‘मिस्टरी हाउस’ने दिली (रॉबर्टा व केन विल्यम्स, ॲपल २). १९८४ च्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये पात्र चित्रातून हिंडू लागले. दोन्हींत आज्ञा मात्र टंकूनच द्यावी लागे.

टिचकी आली ती माऊससह विकल्या जाणाऱ्या मॅकिंटॉश संगणकाबरोबर, म्हणजे १९८४ पासून. सिलिकॉन बीच सॉफ्टवेअरचा ‘एन्चांटेड सेप्टर्स’ (१९८४) हा पहिला, असे एक मत आहे. त्यात चित्रावर टिचकी चाले, तरी टंकलेल्या आज्ञाही लागत. दुसरे मत आयकॉम सिम्युलेशन्सच्या ‘देजा व्हू’ला (१९८५) मान देते, कारण तो जवळजवळ सगळा माऊसवर खेळता येतो. जपानी परंपरा पुढे ठेवणारे युजी होरी यांच्या ‘पोर्टोपिया’कडे बोट दाखवतात. पण त्याची १९८३ ची मूळ आवृत्ती शब्द टंकून खेळायची होती. आज्ञांची यादी आणि चित्रावर फिरणारी खूण १९८५ च्या फॅमिकॉम या खेळयंत्रावरील आवृत्तीत आली. पुढे जे वळण रूढ झाले, म्हणजे वर चित्र, खाली क्रियापदांची यादी आणि पात्राजवळच्या वस्तू, ते लुकासफिल्म गेम्सच्या ‘मॅनियाक मॅन्शन’ने (१९८७, रॉन गिल्बर्ट व गॅरी विनिक) घालून दिले. हौशी रचनाकार आजही ज्या साच्यातून सुरुवात करतो तो हाच असल्यामुळे प्रस्तुत नोंदीत १९८७ हा उंबरठा मानला आहे. आधीचे खेळ पूर्वसूरी होत.

गावगाड्यातली कोडी, दंडार किंवा झाडीपट्टी रंगभूमी यांच्याशी या खेळांचे नाते जोडण्याचा मोह होतो. पण कोडे शब्दात घातले जाते आणि एका शब्दात सुटते. साहसखेळातला पेच वस्तूंचा असतो आणि पायऱ्यापायऱ्यांनी सुटतो. झाडीपट्टी नाटकातले रंगवलेले पडदे आणि बाजूच्या विंगेतून होणारे प्रवेश यांचे खेळातल्या दृश्यांशी साम्य आहे खरे. वडसा-देसाईगंज भागात रात्ररात्र नाटक पाहिलेल्या माणसाला ‘एक दृश्य म्हणजे एक पडदा’ हे सांगावे लागत नाही. मात्र हे साम्यच, वंशावळ नव्हे.

साधने : हौशी माणसाने स्वतः खेळ रचावा यासाठीची साधने खेळांच्या पाठोपाठ आली. ‘द क्विल’ (१९८३) शब्दखेळांसाठी होते. ‘वर्ल्ड बिल्डर’ (१९८६) हे ‘एन्चांटेड सेप्टर्स’च्याच यंत्रणेवर उभे होते. ‘हायपरकार्ड’ (१९८७) खेळांसाठी नव्हतेच, तरी १९९३ चा ‘मिस्ट’ त्यावर घडला. या छंदाला खरा आधार मिळाला तो ख्रिस जोन्स यांच्या ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’मुळे. ते १९९७ मध्ये ‘ॲडव्हेंचर क्रिएटर’ या नावाने डॉस या जुन्या संगणकप्रणालीसाठी निघाले. पुढे विंडोजवर आले आणि २०१०-११ च्या सुमारास त्याची संहिता खुली झाली. फुकट, हलके आणि जुन्या संगणकावर चालणारे म्हणून खेड्यात ते सोयीचे पडते. महिनाभरात एक छोटा खेळ पुरा करण्याची स्पर्धा त्याच्या चाहत्यांत २००१ पासून चालत आली आहे. नवख्याने एक दृश्य, तीन वस्तू आणि एक पात्र एवढ्यावरच थांबावे, हे बरे. दुसरा पर्याय ‘गोडो’. तो २०१४ मध्ये खुला झाला. साहसखेळांसाठी त्याला वेगळे जोडसाहित्य लावावे लागते.

क्रियापदे, विभक्ती, लिंग : १९८७ च्या साच्यात आधी क्रियापदावर टिचकी, मग वस्तूवर, मग दुसऱ्या वस्तूवर असा क्रम असतो आणि खालच्या ओळीत वाक्य त्याच क्रमाने जुळत जाते. इंग्रजी आज्ञार्थाला तो मानवतो. मराठीत त्याच टिचक्यांतून ‘लाव किल्ली कुलूप’ असे तारेतले वाक्य तयार होते. हवे असते ‘कुलपाला किल्ली लाव’. वऱ्हाडीत ‘कुलपाले किल्ली लाव’. म्हणजे क्रम उलटवायचा आणि दुसऱ्या वस्तूचे सामान्यरूपही हाताशी ठेवायचे: कुलूप–कुलपा, विहीर–विहिरी, गाडगे–गाडग्या, दावे–दाव्या. प्रत्येक वस्तूची दोन नावे नोंदवल्याशिवाय ओळ धड होत नाही. प्रत्ययही एकच नाही. कुलपाला लावायचे, गाडग्यात ओतायचे, खुंटीवर टांगायचे.

इंग्रजी खेळांत ‘यूज’ या एका क्रियापदावर निम्मा खेळ निघतो. त्याचे ‘वापर’ केले की भाषा लगेच परकी होते. कंदील पेटवतात, दोर बांधतात, वैरण टाकतात. ‘कंदील वापर’ असे कोणाच्या घरी म्हणत नाहीत. यावर उपाय दोन. क्रियापदांची यादी लांबवायची, किंवा ती काढूनच टाकायची: डाव्या टिचकीने कृती, उजवीने निरखणे, आणि योग्य क्रियापद वस्तूगणिक आतून ठरवलेले. दुसऱ्या उपायात रचणाऱ्याचे काम वाढते, पण वाक्य माणसाचे राहते. नोंदकाराचा कल त्याच्याकडे आहे.

तिसरी अडचण भूतकाळाची. वस्तू उचलल्यावर पात्राने म्हणायचे ठरीव वाक्य इंग्रजीत एकदाच लिहून भागते. मराठीत दोर घेतला, किल्ली घेतली, कुलूप घेतलं, बिया घेतल्या. ही रूपे विसरल्यामुळे ‘मी दोर घेतलं’ असे बोलणारा शेतकरी पडद्यावर उभा राहतो, आणि खेळून पाहणारी शेजारची पोरे पेच बाजूला ठेवून त्यालाच हसतात. नावाच्या दोन रूपांशेजारी लिंग-वचनाचा एक रकाना वाढवला की हे टळते.

बोलीचा प्रश्न निराळा. ग्रीअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या ७ व्या खंडात (१९०५) वऱ्हाडी व नागपुरी यांचे नमुने स्वतंत्र दिले आहेत. पूर्वेकडील झाडीबोलीचा अभ्यास पुढे वेगळा वाढला. वऱ्हाडीत ‘ळ’चा बहुधा ‘य’ होतो. पात्र ‘डोया’ म्हणते आणि वस्तूवरची पाटी ‘डोळा’ दाखवते, असे झाले तर कोणते खरे? पाट्या प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ठेवणे हा व्यवहार्य मार्ग. सारेच बोलीत लिहिले तर लेखन एकसारखे राखणे कठीण जाते. ‘काऊन’ आणि ‘काहून’ (दोन्हींचा अर्थ ‘का’) एकाच खेळात सापडू शकतात.

अक्षरजुळणी : ‘किल्ली’ हा शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतपद्धतीत, सहा खुणांनी साठवला जातो: क, ऱ्हस्व वेलांटी, ल, हलन्त, ल, दीर्घ वेलांटी. वेलांटी ‘क’नंतर साठवायची, पण ‘क’च्या आधी काढायची, आणि दोन ‘ल’ जोडायचे, हे काम अक्षरजुळणी करणारी प्रणाली करते. ती नसेल तर वेलांटी ‘क’च्या उजवीकडे पडून पुढच्या ‘ल’ची वाटते आणि मधला हलन्त पाय मोडल्यासारखा उघडा राहतो. ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’ला ३.६ मालिकेपासून युनिकोड वाचता येते. वाचता येणे म्हणजे जुळवता येणे नव्हे. ‘गोडो’च्या ४ थ्या आवृत्तीत (२०२३) ही जुळणी अंगभूत आली, आणि निव्वळ या कारणासाठी मराठी खेळाला ते साधन अधिक सोयीचे ठरते.

जुन्या साधनावरच काम करायचे तर तोडगा डीटीपीच्या दुकानातला आहे. लग्नपत्रिका जुळवणारे श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे जे जुने टंक (फाँट) वापरत आले, त्यांत अक्षरांचे तुकडे रोमन कळांच्या जागी बसवलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसतात त्याच क्रमाने टंकावे लागतात. वेलांटी आधी, ‘क’ नंतर. खेळाच्या यंत्रणेला तुकडे ओळीने मांडण्यापलीकडे काही करावे लागत नाही. युनिकोडच्या दृष्टीने ही पद्धत मोडीत निघालेली, पण इथे ती चोख चालते. त्या टंकांचे हक्क राखलेले असू शकतात, म्हणून याच तत्त्वावर स्वतःचा ठिपक्यांचा (पिक्सेलचा) टंक काढणे बरे. ३२० × २०० ठिपक्यांच्या जुन्या पडद्यात रोमन अक्षर आठ ठिपक्यांच्या उंचीत बसते. देवनागरीला वरची मात्रा आणि खालचा उकार धरून साधारण दुप्पट उंची लागते, म्हणजे दोन ओळींचे बोलणे पडद्याचा सहावा हिस्सा खाते. वऱ्हाडी माणसाला थोडक्यात बोलायला लावण्याचे हे एक कारण.

दृश्यरचना : नमुन्यादाखल बैलांचा कोठा घेऊ. मधे मेढ, डावीकडे गव्हाण, उजवीकडे खुंटीवर दावे. चौकटीच्या वहीत पेन्सिलीने काढून फोनने फोटो घेतला आणि त्यावरून गिरवले की चित्र मिळते. गडी मेढीमागून जाताना झाकला जावा म्हणून मेढीचा आकार वेगळा रंगवून त्याची आधाररेषा (पात्र मागे की पुढे हे ठरवणारी रेषा) मेढीच्या बुडाशी ठेवतात. रेषा थोडी वर राहिली तर गडी मेढीमागे असूनही पुढे दिसतो. खाली उतरली तर पुढे उभा असतानाच त्याचे धड नाहीसे होते. पेच रचताना वैरणीची एकच पेंढी ठेवली आणि ती बकरीला घालता आली, तर बैल उपाशी आणि खेळ कायमचा अडलेला. अशा बंद वाटा ठेवू नयेत, असे गिल्बर्ट यांनी १९८९ मध्ये एका लेखात आग्रहाने मांडले होते. बकरीने ‘मले नाई पाह्यजे’ असे तोंड फिरवले की भागते.

विषय : पांदण, धुऱ्यावरची बाभूळ, जिनिंगचे आवार, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, मूर्तिजापूरची, आता बंद असलेली, अरुंद रुळांची ‘शकुंतला’ रेल्वे हे सारे डोळ्यांपुढचे साहित्य. गाविलगड तर पेचासाठीच बांधल्यासारखा आहे: ब्रिटिश सेनानी आर्थर वेलस्ली यांच्या फौजेने डिसेंबर १८०३ मध्ये तो उत्तरेच्या अंगाने घेतला आणि बाहेरच्या किल्ल्यानंतर आतला वेगळा जिंकावा लागला. लोणार निवडल्यास पात्राच्या तोंडी विवराचे वय घालताना जपावे. जुना अंदाज सुमारे ५० हजार वर्षांचा, २०११ मधील आर्गॉन-कालमापनाचा सुमारे ५.७ लाख वर्षांचा. दुसरा अधिक ग्राह्य वाटतो.

ध्वनी व प्रसार : आवाज फोनवरच, पंखा बंद करून घेतात, रातकिडे आले तर रात्रीच्या दृश्यात खपतात. तयार खेळ पेनड्राइव्हने किंवा फोनवरून फोनवर जातो. फाइलीचे नाव मात्र रोमन लिपीत ठेवावे, कारण देवनागरी नावाची गठ्ठाफाइल (झिप) दुसऱ्याच्या जुन्या संगणकावर उघडताना नावाच्या जागी नुसत्या चौकटी येऊ शकतात.