भानगडखोर पूर्वजाचा माग: जुन्या नकला कोणाला, कुठे आणि कशा मिळतात

सरळमार्गी माणसाच्या सरकारदप्तरी दोन-तीनच खुणा राहतात. जन्माची नोंद, वारस म्हणून उताऱ्यावर चढलेलं नाव आणि मृत्यूची नोंद. ज्या पणजोबांनी जमीन गहाण टाकली, सख्ख्या भावाला कोर्टात खेचलं, कोणाचं तरी डोकं फोडलं आणि एक दिवस परागंदा झाले, त्यांचा कागद मात्र जागोजागी पडलेला असतो. घरात त्यांचं नाव कोणी काढत नाही, पण तलाठी, सबरजिस्ट्रार, मुन्सफ आणि फौजदार या सगळ्यांनी ते लिहून ठेवलेलं असतं. वारसनोंद, वाटपाचा दावा, जातपडताळणी किंवा नुसतं कुतूहल, कारण काहीही असो, कागद मिळवायची वाट तीच.

अर्जाआधी घरातली तयारी

कुठल्याही खिडकीवर चार गोष्टी विचारतात: पूर्ण नाव, गाव आणि तेव्हाचा तालुका, अंदाजे काळ, जमिनीचा जुना सर्व्हे नंबर. ‘आमचे पणजोबा, साधारण इंग्रजांच्या काळातले’ एवढ्यावर कोणी कागदांचं बासन सोडत नाही.

नावाचं आधी बघा. जुन्या कागदांत आडनाव बऱ्याचदा नसतंच. ‘रामा बिन सखाराम’ असं लिहिलेलं असतं. विदर्भ-मराठवाड्यात ‘बिन’ऐवजी ‘वल्द’ येतं. माणूस दत्तक गेला असेल तर बापाचंच नाव बदलतं आणि शोध तिथेच तुटतो, म्हणून दत्तकाची कुणकुण असेल तर दोन्ही नावांनी शोधा. साल फसली (जुनं महसुली साल) असेल तर त्यात ५९० मिळवा, शक असेल तर ७८. जिल्हाही तपासा. सिंधुदुर्ग १९८१ साली रत्नागिरीतून निघाला, लातूर १९८२ साली उस्मानाबादेतून. त्याआधीचं दप्तर मूळ जिल्ह्याच्या ठिकाणीच असू शकतं.

ट्रंकेतले कागद फेकू नका. फाटकं समन्स, वकीलपत्राचा तुकडा, सावकाराची पावती, यांतल्या एखाद्यावर दाव्याचा नंबर असतो आणि त्या नंबरावर अर्धं काम होतं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत घराण्याची नामावळ मिळते. कोल्हापूर-बेळगावकडे हेळवी (परंपरेने वंशावळ सांगणारे) घराण्याच्या पिढ्या सांगतात. कोर्टात एवढ्यावर भागत नाही, पण घरातून ‘वारला’ म्हणून जाहीर झालेला माणूस नंतर तीर्थाला येऊन वहीत सही करून गेला असेल, तर ते इथेच कळतं.

तहसील आणि भूमी अभिलेख

सुरुवात इथूनच करा, कारण इथे पात्रतेची अडचण नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३२७ प्रमाणे नकाशे आणि जमिनीचे अभिलेख फी भरून कोणालाही पाहता येतात आणि त्यांचे प्रमाणित उतारेही मिळतात. नातं सिद्ध करावं लागत नाही. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यायचा, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, सोबत ओळखपत्राची प्रत आणि चालू सातबारा किंवा आठ-अ जोडायचा. काही जिल्ह्यांचे जुने उतारे आणि फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदी) स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर आले आहेत, तिथे आधी बघून घ्या.

अर्जात नुसतं ‘जुना सातबारा’ लिहू नका. हक्काचे पत्रक, जुने फेरफार, पाहणी पत्रक, कडईपत्रक आणि गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक) अशी नावं घालून मागा. मराठवाड्यात खासरा पत्रक मागा. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबराचे गट नंबर झाले आहेत. त्यांचा मेळ घालणारा उतारा उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे मिळतो, तहसीलला नाही.

सगळ्यात बोलका कागद फेरफार. जुन्या फेरफारात अशा धाटणीची ओळ सापडते: ‘रे. मु. नं. अमुकचे हुकूमनाम्यावरून दरखास्त नं. अमुकमध्ये लिलाव झाला, सबब खातेदाराचे नाव कमी करून खरेदीदाराचे नाव दाखल केले.’ रे. मु. म्हणजे रेग्युलर मुकदमा, मूळ दावा. दरखास्त म्हणजे त्या हुकूमनाम्याची (कोर्टाच्या डिक्रीची) बजावणी. बरोबर कोर्टाचं नाव आणि तारीखही बहुतेक असते. म्हणजे पुढे कोर्टात जे मागायचं, त्याचा पत्ता तलाठ्याने फुकट लिहून दिलेला आहे. ‘मुदत खरेदी’ (मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत, अशी विक्री), ‘नजरगहाण’ (ताबा न देता टाकलेलं गहाण), ‘अ. पा. क.’ (अज्ञान पालनकर्ता), ‘ए. कु. मॅ.’ (एकत्र कुटुंबाचा मॅनेजर) हे शब्द दिसले की थांबून वाचा. घरातल्या मोठ्याने अज्ञान पुतण्यांच्या वतीने जमीन कशी फिरवली, ते बहुधा याच संक्षेपांमागे दडलेलं असतं.

दुय्यम निबंधक कार्यालय

खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र या दस्तांसाठी इथे जायचं. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ५७ मध्ये कोणाला काय मिळतं ते स्पष्ट आहे. स्थावर मिळकतीचं पुस्तक १ आणि त्याच्या सूची कोणीही पाहू शकतो, नक्कलही घेऊ शकतो. पुस्तक ३ मध्ये मृत्युपत्रं आणि दत्तक घेण्याची अधिकारपत्रं असतात. ती लिहून देणारा हयात असेपर्यंत फक्त त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला मिळतात, त्याच्या मृत्यूनंतर कोणालाही. म्हणून अर्जाला मृत्यूचा दाखला जोडा. खापरपणजोबांनी उनाड मुलाला मृत्युपत्रात खडा वेगळा काढावा तसा काढला असेल, तर तो मजकूर असा हाती येतो. पुस्तक ४ मधले किरकोळ दस्त मात्र लिहून देणाऱ्याला किंवा त्याखाली हक्क सांगणाऱ्यालाच.

सगळे ‘इंडेक्स टू’ मागतात, पण ती सूची मिळकतीनुसार असते. माणूस शोधायचा असेल तर नावानुसार असलेली सूची १ मागा.

कोर्टातली नक्कल

इथे पात्रता आडवी येते. दाव्यातले पक्षकार सहज नक्कल मागू शकतात. आपण दाव्यात नव्हतो, म्हणून आपण त्रयस्थ, आणि त्रयस्थाला कारण द्यावं लागतं. प्रतिज्ञापत्र जोडून न्यायाधीशांची परवानगी घ्यावी लागते. वारस असल्याचं दाखवलं की काम सोपं होतं. त्यासाठी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, मृत्यूचे दाखले, वारसनोंदीचा फेरफार आणि ओळखपत्र लागेल. ‘कौटुंबिक माहितीसाठी’ एवढंच कारण लिहिलं तर अर्ज रेंगाळतो. मजकूर असा असावा:

‘अर्जदार हा सदर दाव्यातील मूळ प्रतिवादीचा पणतू व कायदेशीर वारस आहे. अर्ज मिळकतीचे हक्काचा पूर्वेतिहास शाबीत करणेकामी न्यायनिर्णय, हुकूमनामा व निशाणी क्रमांक अमुकची प्रमाणित नक्कल आवश्यक आहे.’

निशाणी म्हणजे दाव्यात दाखल झालेला कागद. वर कोर्टाचं नाव, दाव्याचा प्रकार, नंबर आणि साल. हे नसेल तर आधी दावा रजिस्टरातल्या शोधाचा अर्ज द्या. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर शंभर वर्षांपूर्वीचा दावा शोधत बसू नका.

माहितीचा अधिकार इथे चालत नाही. कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनी नक्कल मिळत असेल तर न्यायिक कागदांसाठी त्याच नियमांनी अर्ज करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये सांगितलं आहे.

पूर्वज पुणे, सातारा, सोलापूर किंवा अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले शेतकरी असतील आणि प्रकरण सावकारीचं असेल, तर कागद भरघोस मिळायची आशा धरा. मे १८७५ मध्ये सुप्यात सावकारांविरुद्ध उठाव झाला, तो आसपास पसरला, लोकांनी कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ साली डेक्कन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला, आधी याच चार जिल्ह्यांसाठी. त्याखालच्या दाव्यांत कोर्टाला नुसता रोखा बघून भागत नसे. व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास उकरून हिशेब घ्यावा लागे. त्यामुळे मुद्दल किती, व्याज किती, बैल कधी विकला, हे जबाबात आलेलं असू शकतं. त्याआधीचा रोखा मात्र सापडला नाही, तर तो पणजोबांनी स्वतःच पेटवला असण्याची शक्यता आहे.

भांडण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं असेल तर छापील निकालही बघा. ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ची मुंबई मालिका १८७६ पासून आहे. दत्तक आणि वाटपाच्या निकालांत घराण्याची कुळकथा चक्क छापून येते.

पोलीस आणि तुरुंग

जुने क्राइम रजिस्टर, अटक पंचनामे, कैद्यांची नोंदवही यांसाठी माहिती अधिकारात अर्ज करावा लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. या नोंदी हल्ली अचानक मोलाच्या झाल्या. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी पोलीस आणि कारागृहांची दप्तरंही तपासली गेली, कारण कैद्याच्या नावापुढे जात लिहिलेली असे. ज्या आजोबांमुळे घराला खाली बघावं लागलं, त्यांच्याच जेलच्या नोंदीवर नातवाचा दाखला उभा राहू शकतो.

पण पोलीस दप्तरातला ‘गुन्हेगार’ हा शब्द तसाच गिळू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि तो शिक्का १९५२ पर्यंत राहिला. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले भूमिगत कार्यकर्तेही सरकारी कागदात दरोडेखोरच होते. कलम आणि साल बघा, मग मत बनवा.

पुराभिलेखागार आणि मोडी

संस्थानी कागद, इनामांचे तंटे आणि सचिवालयापर्यंत गेलेले तक्रारअर्ज राज्याच्या पुराभिलेख विभागात आहेत. मुंबईचं दप्तर काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. पुण्यात पेशवे दप्तर, शिवाय कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे कार्यालयं आहेत. ओळखपत्र आणि विषय लिहिलेला अर्ज देऊन सूची पाहायची, त्यावरून रुमाल (कागदांचं कापडी गाठोडं) मागवायचा. गोव्याचे कागद पणजीच्या पुराभिलेखागारात, बरेचसे पोर्तुगीजमध्ये. मोडी कागदाची नक्कल मिळाली तर लिप्यंतर जाणकाराकडूनच करून घ्या. कार्यालयात दाखल करायचं असेल तर त्याच्या सही-शिक्क्यासह.

‘अभिलेख आढळून येत नाही’

हे उत्तर तोंडी घेऊ नका, लेखीच मागा. सरकारी कार्यालयांत कागद अ, ब, क, क-१, ड अशा वर्गांत लावतात. अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षं, ड वर्ग वर्षभरात रद्दीत. म्हणून नष्ट झाला असेल तर नाश यादीतली नोंद दाखवा, असं अर्जात लिहा. कोर्टातही किरकोळ कागद नष्ट होतात, पण दाव्याचं रजिस्टर पुष्कळदा टिकतं. मूळ दाव्याचं बासन गेलेलं असलं तरी अपील झालं होतं का ते त्या रजिस्टरात बघा. खालच्या कोर्टाच्या निकालाची प्रत अपिलाला जोडलेली असते, आणि ते बासन वेगळ्या कोर्टात, वेगळ्या कपाटात असतं.